त्या ४० टक्क्यांचं काय करायचं?

बेबी, तुझा मेसेज रात्री पाहिला. रिपोर्टाचे फोटो मोठे करकरून वाचले आणि ठरवलं, फोनवर नको, लिहूनच पाठवते. फोनवर तू अर्धं ऐकतेस, अर्ध्यात रडतेस, अन् मागून सासूबाई "काय म्हणून राहिली तुझी ताई?" असं विचारत असतात. पोट्टे शाळेत गेले की निवांत वाच. मग जावईबापूंनाही वाचायला दे. ते तुझ्याहून जास्त घाबरलेत, फक्त बोलत नाहीत.

तू विचारलंस, "ताई, टिल्स ४० टक्के म्हणजे माझी जगायची आशा ४० टक्के का?" नाही गं माय. जावईबापूंनी लावलेला अर्थ, की ४० टक्के छाती खाल्ली गेली, तोही नाही. तो आकडा कॅन्सरचा नाहीच, तुझ्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींचा आहे. त्याच्या वरच्या ओळीत 'केआय-६७ : ७० टक्के' लिहिलंय नं, तो कॅन्सरचा. गाठीतल्या शंभरातल्या सत्तर पेशी विभागण्याच्या लगबगीत आहेत, म्हणजे गाठ वेगाने वाढणारी आहे. दोन टक्केवाऱ्या एकाखाली एक छापलेल्या, एक वाईट बातमी अन् एक बरी, आणि रिपोर्ट हातात देणाऱ्याने त्यातला फरक सांगायची तसदी घेतली नाही. असो.

मी डॉक्टर नाही, हे तुला ठाऊक आहे. पण माझी नोकरी हिस्टोपॅथच्या खोलीत चाललीय, तेव्हा तुझ्या गाठीचं तिथे काय झालं असेल ते डोळे मिटून सांगू शकते. सुईने काढलेले बारीक लांबट तुकडे आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरले. मग अल्कोहोलातून, झायलीनमधून जाऊन मेणात बसले. तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. ब्लॉक बर्फावर गार करायचा, मायक्रोटोमला लावायचा, अन् हाताने चाक फिरवत चार मायक्रॉन जाडीचा काप काढायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापांची पट्टी कोमट पाण्यावर सोडली की तिच्या सुरकुत्या उलगडतात. तेवढ्यात खालून काच घालून ती उचलायची. श्वास जोरात सोडला तरी पट्टी गोळा होते, म्हणून त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. मग दोन रंग, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. पहिल्याने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकी सगळं गुलाबी. गाठ कसलीही असो, पहिली काच हीच, मुंबईला टाटात असो की आपल्या नागपुरात. टिल्स याच काचेवर मोजतात. वेगळी तपासणी नाही, वेगळं मशीन नाही, वेगळे पैसे नाहीत.

आपण कामठीच्या, छावणीच्या गावातल्या, म्हणून असं समज. गाठ म्हणजे घुसखोरांची वस्ती. कॅन्सरच्या पेशी घोळक्याने घरं करून बसलेल्या, आणि घरांमधल्या गल्ल्या म्हणजे तंतूंचा गुलाबी भाग, ज्याला आमच्याकडे स्ट्रोमा म्हणतात. तुझ्या शरीराचे जवान, लिम्फोसाइट, या गल्ल्यांत शिरतात. भिंगाखाली ते बारके, गोल, गडद निळे दिसतात, पेशीभर जवळपास नुसतं केंद्रकच. पॅथॉलॉजिस्ट पाहतात ते एवढंच, की गल्ल्यांची जमीन किती आणि त्यातली किती जवानांनी व्यापलेली. तुझ्या गाठीत दहातले चार हिस्से. थेट घरांत घुसलेले जवानही असतात, पण ते थोडे, आणि या दोन रंगांत नीट ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब या आकड्यात धरत नाहीत. आता तू म्हणशील, एवढे जवान आहेत तर गाठ मेली काहून नाही? कारण कॅन्सरची पेशी पीडी-एल-१ नावाची खूण दाखवते, अन् ती पाहून जवान बंदूक खाली करतो. त्याचं पुढे सांगते.

मोजायचे नियम २०१४ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने ठरवले. बेल्जियमचे पॅथॉलॉजिस्ट रॉबर्टो साल्गादो त्यात पुढे होते. गाठीच्या हद्दीच्या आतलंच मोजायचं. मेलेला भाग सोडायचा. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी धरायच्या, पू करणाऱ्या पेशी धरायच्या नाहीत. सगळ्यात दाट जागा शोधून आकडा फुगवायचा नाही, सरासरी घ्यायची. तरी शेवटी तो डोळ्यांचा अंदाज. एका मॅडमना ४० दिसले तिथे दुसऱ्या सरांना ३० दिसतील. नमुन्याची चित्रं शेजारी ठेवून मोजलं तर हा फरक कमी होतो, हे जर्मनीच्या कार्स्टेन डेन्कर्ट यांच्या गटाने तपासून दाखवलंय. म्हणून दुसरीकडे ३० आले तर रडत बसू नको, अन् ५० आले तर पेढे वाटू नको.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे काही नवं नाही. रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८६३ सालीच ते नोंदवलं होतं. १९४९ साली अमेरिकेतल्या मूर आणि फूट यांनी स्तनाच्या एका प्रकारच्या गाठींबद्दल लिहिलं, भिंगाखाली भेसूर दिसणाऱ्या पण लिम्फोसाइटांनी गच्च भरलेल्या, आणि त्या बायका अपेक्षेपेक्षा बऱ्या राहत होत्या. पण 'भरपूर', 'थोड्या' असं लिहिण्यापलीकडे कोणी जात नव्हतं. आकडा लिहायची रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांतली.

आणि तो आकडा कोणाच्या रिपोर्टात आहे, यावर सगळं अवलंबून आहे. तुझे ईआर आणि पीआर, म्हणजे पेशीवरच्या हार्मोनच्या खुणा, शून्य, आणि हर-टू ही तिसरी खूण १+, म्हणजे निगेटिव्हच. तिन्ही नाहीत म्हणून ट्रिपल निगेटिव्ह. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरवाल्या दहाजणींत एक-दोघी या प्रकारच्या, आपल्याकडे चारातली एक किंवा त्याहून जास्त, आणि त्यात तुझ्यासारख्या चाळिशीच्या आतल्या पुष्कळ. याच प्रकारात टिल्सला खरी किंमत आहे. हर-टू पॉझिटिव्हमध्येही थोडी. शेजारच्या काकूंच्या रिपोर्टात टिल्सची ओळ नव्हती म्हणून त्यांना वाईट वाटलं म्हणतेस, तर त्यांना सांग, त्यांचा हार्मोनवाला आहे, त्यांचं काही अडत नाही. त्या प्रकारात जास्त पेशी म्हणजे चांगलंच असं नाही, उलट आकडे थोडे वाकडेच दाखवतात.

आता तुझ्या ४० चं. ऑस्ट्रेलियाच्या शेरीन लोई आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१९ साली नऊ अभ्यासांतल्या २,१४८ ट्रिपल निगेटिव्ह बायकांची माहिती एकत्र केली. दर १० टक्के टिल्स वाढले की आजार उलटण्याचा धोका साधारण १३ टक्क्यांनी कमी. ज्यांच्या काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या अन् टिल्स ३० किंवा जास्त, त्यांच्यातल्या ९९ टक्के बायका तीन वर्षांनी हयात होत्या. वाचायला किती छान वाटतं नं? पण त्या सगळ्या ऑपरेशन झालेल्या, आणि किमो घेतलेल्या. हे विसरू नको.

दुसरी बाजूही सांगते, कारण मी तुला गोडगोड सांगायला बसले नाही. डेन्कर्ट यांनी २०१८ साली ३,७७१ बायकांचे आकडे छापले, ऑपरेशनआधी किमो घेतलेल्यांचे, म्हणजे तुझं जसं ठरतंय तसंच. त्यांनी तीन गट केले. ट्रिपल निगेटिव्हमध्ये टिल्स ६० किंवा वर असलेल्यांपैकी निम्म्या जणींत किमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी झाली. दहापर्यंत असलेल्यांत ३१ टक्के. आणि मधल्या गटात, जिथे तुझे ४० बसतात? तिथेही ३१. म्हणजे गाठ विरघळण्याच्या हिशेबात तुझा आकडा अजून उंबरठ्याच्या अलीकडे, आणि पुढच्या वर्षांच्या हिशेबात मात्र तो तुझ्या बाजूने झुकलेला. शिवाय यातल्या बहुतेक बायका युरोप-अमेरिकेतल्या. आपल्या बायकांचे इतके मोठे आकडे अजून यायचेत. म्हणून मी म्हणते, ही ओळ बरी आहे, एवढंच मनाशी धर, आणि पुढच्या कामाला लाग.

कारण मला भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. तुझ्या दिराने मोबाइलवर पाहून म्हणे सांगितलं, "टिल्स जास्त असले तर किमो लागत नाही." ते कुठून आलं तेही मला माहीत आहे. २०२४ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, १,९६६ बायकांचा, ज्यांना कुठल्या ना कुठल्या कारणाने किमो दिलीच नव्हती. पहिल्या टप्प्यातली लहान गाठ आणि टिल्स ५० किंवा जास्त, अशा ९४ टक्के बायकांमध्ये पाच वर्षांत आजार दूर कुठे पसरला नव्हता. टिल्स ३० च्या खाली होते तिथे हाच आकडा ७८. अभ्यास खरा आहे, चांगला आहे. पण तुझी गाठ तीन सेंटिमीटरच्या वर, अन् काखेत एक गाठ सोनोग्राफीला संशयास्पद. तू त्या बायकांत बसतच नाहीस. आणि ज्या बसतात त्यांनाही आज कोणी शहाणा डॉक्टर नुसत्या या आकड्यावर किमो टाळा म्हणत नाही. ते ठरायला अजून वेगळ्या चाचण्या व्हायच्यात. दिराला माझा नमस्कार सांग आणि हा परिच्छेद वाचून दाखव.

सासूबाईंचा काढा. "शरीर लढून राहिलंय तर त्याला बळ द्या," असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण गाठीतल्या लिम्फोसाइटांचा आकडा काढ्याने, गुळवेलीने, कुठल्या चूर्णाने वाढतो असं कुठे दिसलेलं नाही. उलट किमो चालू असताना असलं काही यकृतावर ताण आणतं, मग रक्त तपासणीत आकडे बिघडतात अन् पुढची सायकल लांबते. त्यांना सरळ नाही म्हणू नको, घरात वितुष्ट नको. म्हण, "डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितलंय." डॉक्टरांच्या नावावर पुष्कळ काही खपतं.

आणि मावससासूच्या पोरीचं लग्न होईस्तोवर थांबू, हे तर बोलूच नको. केआय-६७ सत्तर आहे. लग्नाला डोक्यावर पदर घेऊन जाशील, किंवा विग घालून, किंवा तशीच. गाठ मुहूर्त पाहत नाही.

आधी किमो अन् मग ऑपरेशन काहून, यावर तुमच्याकडे बराच वाद झालेला दिसतो. "गाठ तशीच ठेवून सलाईन लावून राहिले" असं वाटतं, मला माहीत आहे. पण गाठ जागेवर असली तर औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांसमोर दिसतं. पूर्ण विरघळली तर पुढचं चित्र खूपच चांगलं. काही उरलं तर ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्या जोडता येतात. आधीच कापून काढली तर ही माहिती कायमची गेली. डॉक्टरांना एक मात्र विचार, कार्बोप्लॅटिन देणार का? मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. सुदीप गुप्ता यांच्या गटाने ७२० ट्रिपल निगेटिव्ह बायकांवर हे तपासलं आणि २०२२ च्या डिसेंबरात निकाल मांडले. ज्यांची पाळी अजून चालू आहे, पन्नाशीच्या आतल्या, त्यांना त्याचा फायदा झाला. औषध जुनं आहे, महाग नाही, आणि अभ्यास आपल्याच राज्यातल्या रुग्णालयाचा. मला तर हे त्या टिल्सच्या ओळीपेक्षा तुझ्या जास्त कामाचं वाटतं.

आता ती बंदुका उचलायला लावणारी औषधं. पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलं नाव. ट्रिपल निगेटिव्हमध्ये किमोसोबत दिलं तर गाठ पूर्ण जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ६५ च्या आसपास गेलं, आणि नंतर जगण्यातही फरक दिसला. पण वर्षभरात सतरा डोस, आणि एकेका डोसाची किंमत लाखांच्या घरात. थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी कायमच्या बिघडण्याचा धोका वेगळा. तुझे टिल्स ४० आहेत म्हणून ते द्यायलाच पाहिजे, किंवा १० असते तर देऊ नये, असंही आज कोणी ठरवत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये हेच औषध खूप कमी मात्रेत देऊन पाहिलं, सहा आठवड्यांनी ५० मिलिग्रॅम, आणि सुरुवातीचे आकडे बरे आले. तुझ्या डॉक्टरांना याबद्दल विचारायला लाजू नको. फार तर नाही म्हणतील. पण शेत विकायची गोष्ट आत्ताच काढू नका. जावईबापूंना हे मुद्दाम सांग, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

पैशाचं आधी पाहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीवर जायचं, अन् कोणती औषधं बसतात हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं. पेम्ब्रोलिझुमॅब बसेल असं गृहीत धरू नको. कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. मानेवाड्याकडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जामठा ठरलं तर जाताना ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीपर्यंत मेट्रो सोयीची, पण किमो घेऊन येताना गाडीच कर. उलट्या आल्या तर सीताबर्डीच्या गर्दीत पिशवी शोधत बसशील.

माझ्या खोलीतलं आता एक सांगते, ते नीट ऐक. तुझा ब्लॉक सांभाळ. किमो सुरू व्हायच्या आधीचा हा ब्लॉकच खरा. देव करो अन् गाठ विरघळो, मग परत मोजायला, परत तपासायला शरीरात काही उरणार नाही. जे काही नवं तपासायचं ते या मेणातूनच. लॅबला अर्ज देऊन ब्लॉक आणि काचा मिळतात, सही करून घ्यायच्या. टाटाला मत घ्यायला गेलात तर तेही आधी हेच मागतील. आणि घेऊन जाताना उन्हात बंद गाडीत ठेवायचा नाही. हे मेण छप्पन-अठ्ठावन्न अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात नागपुरात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही वर तापतो. मी मेणाचा पसरट गोळा होऊन आलेले ब्लॉक पाहिलेत. पिशवीत, पर्समध्ये, सावलीत.

ऑपरेशनच्या वेळी आणखी एक. काढलेला भाग तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, आणि त्यात किमान सहा तास राहायला हवा, बहात्तरच्या वर नाही. कुठूनशी एकदा आमच्याकडे सलाईनच्या बाटलीत तरंगत आलेली गाठ आली होती. रंग धरेना, पेशी ओळखू येईनात, आणि त्या बाईच्या ईआर-पीआरवर कोणीच भरवसा ठेवू शकलं नाही. मोठ्या रुग्णालयात असं सहसा होत नाही, तरी जावईबापूंनी सिस्टरना विचारायला हरकत नाही.

माझं स्वतःचं मत विचारशील तर टिल्सची ओळ प्रत्येक ट्रिपल निगेटिव्ह रिपोर्टात असायलाच पाहिजे. २०१९ साली सेंट गॅलनच्या तज्ज्ञ परिषदेने तेच सुचवलं. काच तीच, भिंग तेच, पाच मिनिटं जास्त. लाखांचे जनुकीय पॅनल विकायला लोक घरापर्यंत येतात, अन् फुकटात काचेवर पडलेली माहिती लिहायला मात्र हात जड होतो. तुझ्या पॅथॉलॉजिस्टनी लिहिली, ते मन लावून काम करणारे दिसतात. त्यांच्याकडूनच ऑपरेशननंतरचाही रिपोर्ट करून घ्यायला मिळाला तर बघ.

मंगळवारी मी रजा टाकतेय, तुझ्यासोबत येईन. डॉक्टरांपुढे मी बोलणार नाही, तूच बोल, मी लिहून घेईन. ते बीआरसीए तपासणी सांगतीलच. ट्रिपल निगेटिव्हमध्ये ती वयाचा विचार न करता सांगतात. नुसतं रक्त द्यायचं असतं. हे जनुक आईकडूनच येतं असं पुष्कळांना वाटतं, पण ते बापाकडूनही येतं, म्हणजे आपल्या दोघी चुलत बहिणींकडे एकाच आजोबांकडून आलेलं असू शकतं. तुझं पॉझिटिव्ह आलं तर मीही करून घेईन, आणि माझ्या पोरीला मोठी झाल्यावर सांगेन.

आणि म्हणूनच आपल्या आत्याचं नीट विचार. चाळिशीत गेली ती, 'छातीत गळू झालं होतं' एवढंच आपण ऐकत आलो. डॉक्टर विचारतील, कोणत्या बाजूला, किती वयाची, पोटाचं काही होतं का. मी काकांना विचारलं की ते बातम्या लावतात. तू त्यांची लेक आहेस, तुला सांगतील. मंगळवारच्या आत विचार.